कापसाच्या खोलीतलं वाचनालय

"हात दाखवा."

वाचनालयाच्या उंबऱ्याशी आलेल्या प्रत्येक माणसाला बाईंचा पहिला शब्द हाच. रामराम नाही, या-बसा नाही. दाराशी लोखंडी बादली, साबणाची वडी आणि खुंटीला पंचा. आपण हात पुढे करायचे, बाई चष्म्याच्या वरून आधी तळवे पाहणार, मग नखं. पसंत पडले तर आत, नाहीतर बादली. फवारणी करून आलेला असो, सरपंच असो की जिल्ह्याचा साहेब असो. कोणी कुरकुर केली की म्हणायच्या, "तुम्ही काय खाल्लं, ते तुमच्या नंतरच्या माणसाला पुस्तकात वाचायचं नाही."

मी त्या खोलीचा मालक. एसटीच्या थांब्यासमोर बापानं बी-बियाणं ठेवायला बांधलेली पक्की खोली, ती मी वाचनालयाला दिली होती. कागद केला नव्हता. माझा शब्द म्हणजेच कागद, असं गावात सारे म्हणत आणि मीही म्हणत असे. तर उद्‌घाटनाच्या दुसऱ्या दिवशी मी ऐटीत आत जायला निघालो, आणि बाई खुर्चीतून न उठता म्हणाल्या, "हात दाखवा."

"बाई, खोली माही हाये."

"खोली तुमची आहे, भाऊजी. पुस्तकं तुमची नाहीत. हात दाखवा."

मी तसाच घरी परतलो. त्यानंतर कितीतरी वर्षं मी बाईंशी खिडकीच्या बाहेरून बोललो. बैठकीलाही माझी खुर्ची बाहेर ओट्यावर टाकत. अध्यक्ष मीच होतो, खोली दिली म्हणून. मी एकदा नाही म्हटलं की नाहीच. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. थोडी बढाई असेलही.

बाई यवतमाळच्या. बाप, भाऊ सारे कचेरीतले. नवरा आमच्या गावच्या दवाखान्यात कंपाउंडर होता, तो लवकर गेला. सगळ्यांना वाटलं, बाई आता माहेरी जातील. त्या गेल्या नाहीत. ग्रंथपालाचा कोर्स करून आल्या आणि गावात घरोघर फिरल्या, जुनं पुस्तक असेल तर द्या म्हणून. कोणी पोथी दिली, कोणी पोराची जुनी पाठ्यपुस्तकं. मी खोली दिली. तेव्हा मला वाटलं होतं की चार महिन्यांत ही बाई कंटाळेल आणि खोली परत येईल.

उंच बाई, पुरुषी घड्याळ, आणि हातात बाराही महिने छत्री. उन्हाळ्यात उन्हासाठी, पावसाळ्यात पावसासाठी, हिवाळ्यात कशाला विचारलं तर म्हणायच्या, "बकऱ्या हाकायला." चालता चालता वाचायच्या. समोरून बैलबंडी आली तरी मान वर नाही. आमच्या गावचे बैल त्यांना वळसा घालून जायला शिकले होते.

बोलणं शहरातलं, शुद्ध. पण राग आला की आमची बोली बाहेर पडायची. एकदा पोलीस भरतीच्या एका पोट्ट्यानं खूण म्हणून पान दुमडलं. बाई उठल्या आणि त्याचा कान धरला. "काहून बे, मोडू का आता असाच? दुखून राह्यलं ना? मंग त्या पानाले दुखत नसंन काय?" ओट्यावर आम्ही सारे हसलो. पोट्टाही हसला. पुढे त्याची भरती झाली, आणि गावात आला की पहिले हात दाखवायला जायचा.

पुस्तक परत घ्यायची त्यांची एक रीतच होती. "वाचलं का?" असं त्या कधी विचारत नसत. विचारायच्या, "कुठं थांबलात?"

मी खिडकीतून एकदा म्हटलं, "बाई, हे काय विचारनं झालं? बस हाये काय ते, थांबायले?"

"वाचलं का म्हटलं की माणूस खोटं बोलतो, भाऊजी. कुठं थांबलात म्हटलं की त्याला खरं सांगावं लागतं."

प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी त्यांनी एक कोरा कागद चिकटवला होता. जिथं आपण थांबलो, अडलो, रडलो, जांभई दिली, ते त्यावर एका ओळीत लिहायचं. नाव लिहायचं नाही. पण गाव केवढं? अक्षरावरून सारे ओळखत. बायको मला पुढे त्यातल्या ओळी सांगायची. शिंप्यानं लिहिलं होतं, "इथं पुस्तक बंद केलं आणि भावाला फोन लावला." कोणी लिहिलं होतं, "ऐंशी पानांपर्यंत झोप येते, मग येत नाही." आणि एका बाईनं एवढंच, "हिची सासू आमच्या घरी आहे." ते पुस्तक गावात सगळ्यात जास्त फिरलं.

दुपारी दोन ते चार पुरुषांना बंदी. त्या वेळात बायका यायच्या. एकीनं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी कापसाच्या वाती वळत ऐकायचं. माझी बायको दुपारी पोथी ऐकायला जाते म्हणायची. सहा वर्षं मी समजत होतो की ती मारुतीच्या देवळात जाते.

संध्याकाळी परीक्षेची पोरं-पोरी. बाजूच्या तांड्यावरची एक पोरगी चार किलोमीटर चालत यायची. मी तिला विचारलं, "मोबाइलमंधी सारं असते म्हणतात, मंग इथं कायले येतं व?" ती म्हणाली, "बाबाजी, घरी बसली की याडी म्हणते, रिकामी बसली हायेस तं शेण काढ. इथं बसली की मी रिकामी दिसत नाही." याडी म्हणजे तिची आई. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. तेव्हा मला खोलीची किंमत तेवढीच वाटत होती जेवढा तिच्यात कापूस मावतो.

आता माझं सांगतो. मी तिसरी शिकलो. चौथीत बापानं वखरामागे उभा केला. अक्षरं ओळखतो, सही झोकात करतो, बसची पाटी वाचतो, खताच्या पोत्यावरचं नाव वाचतो. पण ओळीमागून ओळ चालत जाणं, ते जमलं नाही. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. कोणी कागद पुढे केला की म्हणायचं, चष्मा घरी राहिला. पन्नास वर्षं हा घरी राहिलेला चष्मा माझ्या कामी आला. त्यातली पंचवीस वर्षं तर मला चष्मा लागलाच नव्हता.

एका वर्षी वाचनालयाची तपासणी होती. जिल्ह्याहून साहेब आले. त्यांनी मुकाट हात धुतले. मी ओट्यावरच. साहेब माझ्या शेजारी येऊन बसले, आणि बाईंनी आतून अभिप्रायाची वही आणली. पानावर वर तारीख, खाली 'अध्यक्ष' असं लिहून ती माझ्या मांडीवर ठेवली. "आधी आमचे अध्यक्ष लिहितील. खोली त्यांनी दिली."

त्या माझा मान करत होत्या. हे मला आता कळते. तेव्हा मला वाटलं, आता पकडलं आपल्याला.

"चष्मा घरी राह्यला," मी म्हटलं.

"खिशात आहे ना, भाऊजी," बाई म्हणाल्या. सहज म्हणाल्या, आपण कोणाला पदर लोंबतो म्हणतो तशा.

चार लोक हसले. साहेबही हसले. मी वही साहेबांकडे सरकवली, "तुमी मोठे, तुमी लिहा," म्हटलं आणि उठलो. जाताना एकदा मागे पाहिलं. बाई हसत नव्हत्या. माझ्याकडे पाहत होत्या.

त्या हंगामात कापूस बरा पिकला आणि भाव पडला. सगळ्यांनी कापूस घरात भरला. माझ्या ओसरीत गंजी, मधल्या खोलीत गंजी, निजायला जागा नाही. कापूस घरात राहिला की बारीक किडे होतात, अंगाला खाज सुटते. सून म्हणाली, "मामाजी, लेकरं खाजवून खाजवून रडून राह्यले. ते थांब्यावरची खोली आपलीच हाये ना?"

मी लगेच उठलो. इतक्या लगेच उठलो की सूनही चमकली. बाईंना खिडकीतून सांगितलं, खोली पाहिजे, कापूस ठेवायचा आहे. साऱ्या गावाला कापूस सांगितला. होतं ते चष्म्याचं.

बाईंनी पुस्तक मिटलं. "किती दिवस?"

"भाव येईपर्यंत."

"आणि भाव कधी येतो?"

"ते कोनाले माईत?"

त्यांनी घड्याळ पाहिलं, जसं काही ते त्यात लिहिलेलं असतं. "चार दिवस द्या."

मला वाटलं होतं, बाई रडतील. पंचायत बोलावतील. चार म्हातारे घेऊन माझ्या ओसरीवर येतील, "भाऊ, असं नका करू," म्हणतील, मग मी थोडा ताणून धरीन आणि अर्धी खोली देईन. मी तीन दिवस ओसरीवर बसून राहिलो. धुतलेलं धोतर नेसून बसलो. कोणीच आलं नाही.

चौथ्या दिवशी गेलो तर खोली झाडून सारवल्यासारखी स्वच्छ, आणि पुस्तकं गावात गेलेली. परीक्षेची पुस्तकं देवळाच्या सभामंडपात, पोरंही तिथंच. गोष्टींची पिठाच्या गिरणीत, पत्र्याच्या पेटीत. शेतीची न्हाव्याच्या दुकानात. बाकीची घरोघर, खताच्या धुतलेल्या पोत्यांतून. कोणतं पुस्तक कोणाच्या घरी, ते सारं बाईंच्या डोक्यात. आणि बाई स्वतः एसटीच्या थांब्यावर, माझ्या खोलीच्या अगदी समोर, निंबाखाली, छत्री उघडून. बाजूला बादली, साबण, पंचा. खोडाला पाटी अडकवलेली. ती मी वाचली, अक्षरं मोठी होती. वाचनालय उघडे आहे.

पुस्तक पाहिजे असलं की बाईंना विचारायचं, मग त्या घरी जायचं. गाव एकमेकांच्या घरात शिरू लागलं. दोन भाऊ होते, धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून भांडलेले, दहा वर्षं तोंड पाहत नव्हते. बाईंनी एका कादंबरीचा पहिला भाग थोरल्याकडे ठेवला आणि दुसरा धाकट्याकडे. मी विचारलं, "बाई, हे मुद्दाम केलं काय?"

"एका पोत्यात दोन्ही मावत नव्हते," बाई म्हणाल्या.

भाऊ काही बोलले नाहीत, ते अजूनही बोलत नाहीत. पण त्यांच्या बायका मागच्या दारानं जाऊ-येऊ लागल्या, आणि पुस्तक संपलं तरी थांबल्या नाहीत.

माझ्या घरी मात्र एकही पुस्तक आलं नाही. गावातलं सगळ्यात मोठं घर, आणि दारात कोणी येईना. एक दिवस बायको वाती वळता वळता म्हणाली, "साऱ्या गावात पुस्तकं गेले, आपल्याच घरी काहून नाई?"

"मले काय विचारतं? तुह्या बाईले विचार."

"विचारलं. त्या म्हने, तुमच्याकडे जागा कुठे आहे, कापूस आहे ना." मग वात बाजूला ठेवून म्हणाली, "मले लाज वाटली जी. सहा वर्षं त्या खोलीत बसली मी." तेव्हा मला कळलं की पोथी कुठं होती. मी चिडायला पाहिजे होतं. चिडलो नाही. तिला वाचता येते आणि मला येत नाही, हे घरात दोघांनाही माहीत होतं की एकट्या मलाच, असा विचार मनात आला आणि तिथंच अडकून राहिला.

संक्रांतीच्या सुमारास कापूस पाहायला खोलीत गेलो. दाराशेजारच्या कोनाड्यात एक पुस्तक राहिलेलं दिसलं. वर बैलाचं चित्र. गाय-बैलांची निगा, आजार, असलं पुस्तक. मागचा कागद कोरा, कोणी वाचलेलंच नाही. परत द्यायला म्हणून उचललं आणि उघडलं. पहिल्याच चित्रात खुराला जखम झालेला बैल. खाली ओळ. पहिला शब्द लावला, 'खुरातील'. पुढचा शब्द लावायच्या आधीच मला माहीत होता.

तिथं गंमत झाली. ते पुस्तक काय बोलणार ते मला आधीच ठाऊक होतं. साठ वर्षं जनावरांत काढलेली. ओळ अडली की बैलाला विचारायचं, बैल सांगायचा, मग अक्षरं बरोबर बसायची. आणि कापसानं भरलेल्या खोलीत आवाज मरतो. दार लावून मोठ्यानं वाचलं तरी बाहेर काही जात नाही. घरी सांगायचं, कापसाला हवा दाखवायला जातो. चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून, गंजीवर बसून मी रोज दुपारी वाचत होतो. होळीपर्यंत अर्धं पुस्तक झालं. समोर रस्त्यापलीकडे बाई छत्रीखाली. त्यांना दार लावलेलं दिसत असणार.

मग एक पान आलं दातांचं. जनावराचं वय दातावरून कसं ओळखायचं ते. लिहिलं होतं की गोऱ्हा दीड वर्षाचा झाला की पहिले दोन पक्के दात येतात. मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा बोट धरून वाचलं, आपलंच चुकलं असेल म्हणून. चुकलं नव्हतं. पुस्तक खोटं बोलत होतं. आपला देशी गोऱ्हा अडीच वर्षांच्या आत दोनदाती होत नाही. कळंबच्या बाजारात मला या बाबतीत कोणी फसवू शकत नव्हतं, आणि हे छापील पुस्तक मला शिकवत होतं.

मी तसाच तडक रस्ता ओलांडून गेलो. "बाई, या पुस्तकात चुकलं हाये."

बाईंनी वर पाहिलं. पुस्तक पाहिलं. मला पाहिलं. आणि म्हणाल्या, "हात दाखवा."

थांब्यावर पाच-सात माणसं बसची वाट पाहत होती. मी बादलीशी वाकलो, साबण लावला, नखांतली घाण काढली, पंच्यानं पुसले आणि दोन्ही हात पुढे केले. बाईंनी आधी तळवे पाहिले, मग नखं.

"बसा. कुठं थांबलात?"

"दातापाशी. दीड वर्षात गोऱ्ह्याले दात येतात म्हने. कोन्या गावचा गोऱ्हा हाये थो? विलायती असंन. आपला अडीच वर्षं घेते."

"मग लिहा तसं." मागचा कोरा कागद उघडून पेन पुढे केला.

"मी सांगतो, तुमी लिहा ना."

"मी दात पाहिलेले नाहीत, भाऊजी. ज्यानं पाहिले, त्यानं लिहायचं."

आणि त्यांनी तोंड फिरवलं. दुसरीकडे, रस्त्याकडे पाहत बसल्या. छत्री मात्र थोडी कलती केली, थांब्यावरच्या माणसांच्या आणि माझ्या मध्ये. कळंबची बस आली, माणसं चढली, बस गेली. मी लिहीतच होतो. 'गोऱ्हा' लिहिताना दोनदा खोडलं. तिसरीनंतर सहीशिवाय काहीही लिहायची माझी ती पहिली वेळ. लिहून झालं तेव्हा बाईंनी वाचलं, मान हलवली, आणि म्हणाल्या, "पुढचा माणूस आता फसणार नाही." बस, एवढंच.

भाव आला नव्हता. तरी पुढच्या आठवड्यात मी कापूस विकला. पोरगा म्हणाला, "बाबा, आणखी थांबलो असतो तं वाढला असता." मी म्हटलं, "मले खोली पाह्यजे." कोणासाठी, ते त्यानं विचारलं नाही. पुस्तकं परत आली तेव्हा गेली होती त्यापेक्षा एक पोतं जास्तच भरलं. काही घरांनी आपल्या जवळची घातली होती, आणि गिरणीवालीनं पेटी परत द्यायला नकार दिला. दळण होईपर्यंत बायका वाचतात म्हणाली. ती पेटी अजून तिथंच आहे, पिठासकट.

मी कळंबला जाऊन खोलीचा कागद करून दिला, वाचनालयाच्या नावानं. ज्याचा शब्द म्हणजे कागद, त्यानं शब्द मोडला होता. कागद करणं भाग होतं. बाईंना नेऊन दिला तेव्हा विचारलं, "ते बैलाचं पुस्तक कोनाड्यात कोनं ठेवलं होतं?"

"राहिलं असेल घाईत," बाई म्हणाल्या. कोणतं पुस्तक कोणाच्या घरी हे जी बाई हंगामभर डोक्यात ठेवून होती, ती असं म्हणाली. त्यांनी तपासणीच्या दिवसाचं कधी काढलं नाही, मीही नाही. त्यानंतरची वर्षं मी आत बसलो, माझी खुर्ची खिडकीजवळ. रोज हात दाखवले.

मागल्या वर्षी बाई गेल्या. आता दुसरी मुलगी आहे, हुशार आहे, कॉम्प्युटरवर सारं ठेवते. हात पाहत नाही. बादली मात्र मी ठेवायला लावली.

गेल्या महिन्यात कपाट आवरताना अभिप्रायाची वही सापडली. चाळत गेलो, आता मला चाळता येते. साहेबांचा अभिप्राय सापडला. त्याच्या आधीचं पान कोरं. वर तारीख बाईंच्या अक्षरात, खाली 'अध्यक्ष'. म्हणजे मी ओट्यावरून उठून गेलो तेव्हा बाईंनी पान उलटून साहेबांना पुढचं दिलं होतं. माझं तसंच ठेवलं. कापसाच्या आधी, कोनाड्याच्या आधी. त्यानंतर इतकी वर्षं ती वही त्यांच्या टेबलाच्या खणात होती, आणि मी चार हातांवर बसलेलो.

पान एकच आणि सांगायचं एवढं, म्हणून हे सारं वेगळ्या कागदांवर लिहिलं. पण ते पान कोरं ठेवणं बरं नव्हतं. नळावर जाऊन हात धुतले, खुर्चीत बसलो आणि त्यावर एक ओळ लिहिली.

त्या दिवशी चष्मा खिशातच होता.